रुख्माचं लुगडं

दवनीवाड्याचा कवडू दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाटकात बाईचं काम करायचा, तेही आपल्या बायकोचं, रुख्माचं, लुगडं नेसून. त्रेपन्न साली त्यानं नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचा प्रसंग स्वतः रचला. भर दुपारी तो हात जोडून म्हणाला, "लात नोका मारू, पोटात लेकरू हाये," आणि बाया पदरानं डोळे पुसू लागल्या.

कवडू मात्र प्रसंग अर्धाच टाकून खाली बसला. हे शब्द त्यानं रचलेच नव्हते. आदल्या साली रुख्मा त्याला असंच म्हणाली होती, तरी त्याची लाथ थांबली नव्हती. लोकांना वाटलं, काय जिवंत काम करतो.

त्यानंतर त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नाही. रुख्मा एवढंच म्हणाली, "तवाच आयकलं असतं, त आज लेकरू आंगनात रांगत रायलं असतं."