भोंग्याच्या खोलीतली बाई

ज्या वाक्याची मला आजही लाज वाटते, ते मी एका रविवारी सकाळी कांदा चिरता चिरता, डाव्या अंगठ्याने मोबाइलवर लिहिलं.

मी मंचरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माहेर निमगाव सावा. आमचा एक ग्रुप आहे, तेव्हा अकरा जणांचा, सगळे जुन्नर-आंबेगावकडचे. सगळ्यांना एकच वेड, जपानी राक्षसांचे सिनेमे. समुद्रातून डोंगराएवढं काहीतरी वर येतं, शहर तुडवतं, माणसं सैरावैरा पळतात, तसले. लहानपणी शेजारच्या टीव्हीवर हिंदीत डब केलेला असा एक सिनेमा पाहिला आणि ते खूळ डोक्यात बसलं. नवरा म्हणतो, रबराचं सोंग घालून माणूस खेळण्यातली घरं मोडतो, त्यात बघायचं काय? त्याला समजावणं मी सोडून दिलंय. ग्रुपात कुणाला समजावावं लागत नाही.

त्या आठवड्यात नवा सिनेमा आला होता. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर पाहिला आणि रविवारी मतं यायला लागली. एक म्हणाला, राक्षस फार कमी वेळ दिसतो, पैसे वसूल नाहीत. दुसरा म्हणाला, कमी दिसतो म्हणूनच भीती वाटते. शेपटीवरून दोघांचं जुंपलं. शेपूट पाण्यावर आपटते तेव्हा उडणारं पाणी खरं की कॉम्प्युटरचं, यावर अर्धा तास गेला. मी लिहिलं, मला एकच प्रसंग पुरला. बंदरावरच्या गावात एक बाई भोंग्याच्या खोलीत बसलेली असते. राक्षस येताना दिसतो, तरी ती उठत नाही. शेवटपर्यंत भोंगा वाजवत, लोकांना वर टेकडीवर जायला सांगत राहते. मी तीन वेळा रडले होते.

त्यावर राजुरीच्या भाऊंचं उत्तर आलं. त्यांना आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं नव्हतं. ग्रुपात सगळ्यात वयस्कर तेच असावेत असा आमचा अंदाज. ते क्वचित लिहायचे, पण नेमकं लिहायचे. राक्षसाच्या पावलांचा आवाज ऐकून तो कोणत्या पायावर भार देतो ते सांगायचे, आणि पुन्हा पाहिलं की ते बरोबर निघायचं. त्यांनी लिहिलं, ‘‘ताई, त्यो सीन खोटा हाय. आख्ख्या पिक्चरमदी तेवढाच खोटा. अशा टायमाला पळतो त्योच शहाणा.’’

मला राग आला. माझ्या आवडत्या बाईला कुणीतरी हात लावला होता. मी लिहिलं, ‘‘जे स्वतः पळालेले असतात त्यांना न पळणारी माणसं खोटीच वाटणार, भाऊ.’’

पाच-सहा हसणारे चेहरे आले. मी फोन ठेवला आणि पोहे परतले. परत पाहिलं तेव्हा खाली एक ओळ होती. राजुरीच्या भाऊंनी ग्रुप सोडला.

संध्याकाळी त्यांना वेगळा निरोप पाठवला, माफ करा, चेष्टेत लिहिलं. तो पोचलाच नाही. सोमवारी फोन लावला, बंद. मंगळवारी सकाळी, दुपारी, संध्याकाळी, बंद. मग ग्रुप चालवणाऱ्या पोराला फोन केला. त्याचं नारायणगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि भाऊंना ग्रुपात त्यानेच घेतलं होतं.

‘‘ताई, तुमी लिहायला नको व्हतं ते,’’ तो म्हणाला.

‘‘का? काय झालं?’’

‘‘ते आधी तुमच्या मंचरलाच व्हते, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजला, मशीनवर. तिथं गॅस सुटला व्हता एकदा. अमोनिया. यांचा एक डोळा गेला त्यात. आत दोघं व्हते आन् त्यातला एक दुसऱ्याला टाकून पळाला, एवढंच मी ऐकलंय. कोन पळाला ते काय मला म्हाईत न्हाई.’’

समोर रक्ताच्या नळ्यांचा स्टँड होता. त्या दिवशी मी प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा वाचलं, चूक होईल या भीतीने. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘जाऊन ये. फोनवर नाही व्हायचं हे.’’

बुधवारी सुट्टी काढून स्कूटी घेतली. कांद्याच्या ट्रकांमागून हायवेने नारायणगाव, पुढे आळेफाटा, तिथून उजवीकडे राजुरी. सबंध रस्ताभर मी एकच वाक्य घोटत होते आणि ते दर दोन किलोमीटरला बदलत होतं. त्या माणसाने काही करून घेतलं असेल तर? हा विचार मी पुढे जाऊ देत नव्हते, पण तो मागच्या सीटवर बसल्यासारखा सोबत होता.

राजुरीत मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर विचारलं, एका डोळ्याने अधू आहेत, पूर्वी मंचरला कोल्ड स्टोरेजला होते.

‘‘मोटारवाले व्हय?’’ टपरीवाला म्हणाला. ‘‘पान्याच्या मोटारी भरत्यात ते. जळलेली मोटार द्या, नवी करून देत्यात. पुढं डाव्या हाताला गाळा हाय. पन शटर तर सोमवारपासनं बंद दिसतंय.’’

शटर खरंच बंद होतं. बाहेर तांब्याच्या तारेचे तुकडे आणि एक जळकी मोटार. शेजारच्या पीठगिरणीतली बाई म्हणाली, ‘‘घरीबी नसतील. सकाळी एकलेच विहिरीकडं जाताना दिसले.’’

‘‘कुठली विहीर?’’

तिने हात केला तिकडे मी गाडी घातली. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये बैलगाडीची चाकोरी. आमच्याकडे उसातून एकटं जाताना माणूस बिबट्यासाठी कान देऊन असतो. मला त्या दिवशी बिबट्या आठवलासुद्धा नाही. चाकोरी संपली तिथे गाडी टाकली आणि पळत सुटले. विहिरीच्या काठावर चपला काढून ठेवलेल्या होत्या. माणूस कुणी नव्हता.

काठाशी जाऊन खाली पाहायचं धैर्य होईना. तेवढ्यात खालून हाक आली.

‘‘कोन हाय वर? दोर धरा! पयला दोर धरा!’’

काठावरच्या खांबाला गुंडाळलेला दोर हळूहळू सरकत होता. मी त्याच्यावर अक्षरशः पडले. दोन्ही हातांनी धरला, पाय खांबाला लावले. दोराच्या दुसऱ्या टोकाला पाण्यातली मोटार लोंबकळत होती आणि तिच्याच खाली, कपारीवर पाय ठेवून ते उभे होते. विहिरीचा मालक पाना आणायला वस्तीवर गेला होता आणि त्याने बांधलेली गाठ सुटत होती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की हा दोर सुटला तर मोटार त्यांच्या अंगावर जाणार.

‘‘सोडू नका!’’

‘‘नाही सोडत!’’

मालक यायला दहा मिनिटं तरी लागली असतील. तळहाताची साल निघाली. मालकाने येऊन दोर नीट बांधला, मोटार वर घेतली, मग भाऊ लोखंडी शिडीने वर आले. पंचावन्नच्या आसपासचे, सडपातळ, उजव्या डोळ्यावर पांढरट पडदा.

‘‘बरं झालं आलात. कोनाच्या पावण्या तुमी?’’

‘‘मी... ग्रुपमधली. मंचरची.’’

त्यांनी चपला पायात घातल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘तुमी व्हय.’’

मी घोटलेलं वाक्य विसरले. एवढंच म्हटलं, ‘‘भाऊ, मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला तसं म्हणायला नको होतं. तुम्ही पळालात ते...’’

‘‘मी कुठं पळालो?’’ ते वळून म्हणाले. आवाज चढला. विहिरीचा मालक हातातला पाना घेऊन जागीच थांबला. ‘‘मी थांबलो व्हतो. हा डोळा थांबल्यामुळं गेला माजा.’’

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. बोलायला लागले तेव्हाही राग उतरला नव्हता.

‘‘गॅस सुटला तसा माजा जोडीदार पळाला. मी तिथंच. लोक म्हनले, काय धाडशी गडी, मशीन सोडली न्हाई. आवो, कसलं धाडस! माजं पाय उचलंनात. डोळ्यात आग, छातीत आग, आन् पाय मातीत पुरल्यावानी. ती पिक्चरमधली बाई कशी बसलीय बघा. ताठ. डोळ्यात पानी, वरून बासरी वाजतीय. थांबलेलं मानूस तसं दिसत न्हाई, ताई. मी थांबलो तवा मला लघवी झाली व्हती. तेवढं कुनी दाखवत न्हाई. म्हनून मी खोटं म्हनलं.’’

‘‘आणि ते, जे पळाले?’’

‘‘त्यानं भायेर टाकीवरचा व्हॉल्व बंद केला. म्हनून गॅस थांबला. म्हनून मी हितं बसलोय. पन तिथं समद्यांनी त्याला पळपुटा म्हनून हिनवला. साल-दीड सालात काम सोडून गेला. आता नाशकाकडं असतो. रोज फोन व्हतो आमचा.’’ त्यांनी खिशातला फोन चाचपला. ‘‘तुमच्या ग्रुपातबी हाय त्यो. मीच घेतला. वाचतो समदं, लिहीत न्हाई. तुमचं ते वाक्य त्यानंबी वाचलं असंल. माजं जाऊ द्या. त्याला काय वाटलं असंल? त्या दिसापासून मीच फोन बंद करून ठेवलाय. त्याचा फोन आला तर काय बोलू त्याला?’’

मी ज्याला बोलले असं चार दिवस समजत होते, त्याला ते लागलंच नव्हतं. लागलं असेल तर तिसऱ्याच माणसाला, जो आमच्यात गपचूप बसून होता.

‘‘भाऊ, त्यांना फोन लावा,’’ मी म्हटलं. ‘‘मी बोलते.’’

‘‘नगं.’’

‘‘लावा. मी माफी मागते आणि जाते.’’

त्यांनी खिशातून फोन काढला, चालू केला, बराच वेळ नुसता हातात धरला. मग लावला. मी सगळं ऐकावं म्हणून स्पीकर सुरू केला. रिंग जात राहिली. उचलेनात. दुसऱ्यांदा उचलला.

‘‘आरं कुटं मेला व्हता चार दिस?’’ पलीकडून आवाज आला. ‘‘मी राजुरीला यायला निघालो व्हतो, म्हाईताय का?’’

मी माझं नाव सांगितलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पलीकडे यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

‘‘ताई, वाचलं म्या,’’ ते म्हणाले. ‘‘खोटं कशाला बोलू, लागलं. दोन दिस जेवान गेलं न्हाई. पन तुमी लिहिलं ते खरंच हाय. व्हॉल्व बंद कराया मी गेलो नव्हतो. मी पळतच व्हतो. व्हॉल्व वाटंत लागला.’’

भाऊ ओरडले, ‘‘गप रं! बंद तर तूच केला ना?’’

‘‘केला. पन पळतच व्हतो. आन् एक सांगू का ताई? मला त्यो बाईचा सीन लई आवडला. चारदा बघितला. हा येडा त्याला खोटा म्हनतो.’’

‘‘खोटाच हाय!’’

‘‘तुला काय कळतंय? एका डोळ्यानं बघतोस तू.’’

भाऊ हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मग ते दोघं त्या प्रसंगावरून भांडत बसले, बासरी असावी की नसावी इथपासून. मी कठड्यावर बसून तळहात फुंकत होते. दिवस मावळायच्या आत आळेफाट्याला लागायला हवं होतं, पण उठवेना.

पुढच्या रविवारी राजुरीचे भाऊ ग्रुपात परत आले. आल्या आल्या त्यांनी लिहिलं की मंचरच्या ताईंचं मत अजूनही चुकीचंच आहे. मी भांडले नाही. त्या दिवशी दुपारी, ग्रुपात आल्यापासून पहिल्यांदाच, नाशिककडच्या त्यांच्या मित्राने लिहिलं. दोनच ओळी होत्या.

‘‘भोंग्याच्या खोलीत त्या बाईच्या बाजूला एक रिकामी खुर्ची हाय. ती कोनाची, ते कुनी का इचारलं न्हाई?’’

मी तो प्रसंग पुन्हा लावला. बाईच्या चेहऱ्यावरून नजर हटवून पहिल्यांदाच बाजूला पाहिलं. खुर्ची होती. घाईने मागे ढकललेली, भिंतीला टेकलेली, आणि तिच्या पाठीवर कुणाचा तरी कोट तसाच राहिला होता.