जुमागुलने पारखलेला उस्ता

खीवा शहराजवळच्या आमच्या गल्लीत घर बांधलं की भिंतीला जमिनीतल्या खाराचा लोणा लागलाच म्हणून समजा. जुमागुलचं पहिलं घर असंच पायापासून भुसभुशीत होऊन बसलं. नवरा गेल्यावर तंदूरच्या रोट्या विकून तिने दुसऱ्या घरापुरतं जमवलं. हेही ढासळलं असतं तर तिसरं बांधायला ना हात उरले होते, ना आयुष्य.

थोरले दीर मत्याकूब सगळ्यातले जाणकार. त्यांनी घर बांधणारा उस्ता परस्पर ठरवूनही टाकला. "साबिर उस्ताची घरं बघ, कशी चकचकीत!"

"बघते की, भावजी," म्हणत ती गरम रोट्या घेऊन निघाली.

पुरुष घर बघतात ते बैठकीत, चहा पीत. जुमागुल थेट आत बायकांत गेली. गाद्यांची चळत रचलेली पेटी सरकवायला लावायची आणि मागच्या भिंतीवर तळहात फिरवायचा, एवढीच तिची परीक्षा. साबिरने बांधलेल्या दोन घरांत हात पांढरा झाला, गिलाव्याचे पोपडे निघाले. "कुणाला सांगू नकोस गं," घरातली सून कुजबुजली. रुझ्मत उस्ताने बांधलेल्या चौदा वर्षं जुन्या घरात मात्र हाताला नुसती धूळ लागली.

"रुझ्मत? तो अजून पायावर बोरूच्या काड्यांचा थर घालतो! घर बांधतेस की घरटं?" मत्याकूब गल्लीसमोर हसले.

"लोणा लागून घरटं कधी पडलंय का, भावजी?"

तिने रुझ्मतलाच बोलावलं. ओल वर चढू नये म्हणून त्याने पायावर वीतभर बोरू अंथरला आणि त्यावर भिंती उचलल्या.

तिसऱ्या वसंतात शेतांतला खार धुऊन काढायला पाणी सोडलं, तशी ओल चढून गल्लीतली भिंत न् भिंत गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. जुमागुलची कोरडी ठणठणीत. लोक येऊन थापट्या मारून बघत. ती मुद्दाम दार उघडं टाकून कणीक मळत बसे. कशाला लपवायचं, तिला आनंद मावत नव्हता.

त्याच महिन्यात मत्याकूब लेकाच्या घरासाठी उस्ता ठरवायला निघाले. गाडीत गल्लीतले दोन म्हातारे आधीच बसलेले. तिच्या दाराशी गाडी थांबवून त्यांनी हाक मारली, "जुमागुल, चल. उस्ता तू पारख."

"आणि बैठकीत कोण बसणार?"

"आम्ही बसतो, चहा पितो. तू आत जा."

पुढच्या सीटवरचे आजोबा कुरकुरत मागे गेले. जुमागुल रुमाल सावरून पुढे बसली, आणि गल्ली संपेपर्यंत तिने काच काही वर केली नाही.