शून्य म्हणजे किती
सुका जवळा भाजल्याचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. घणसोलीच्या खोलीत आम्ही दोघं जवळा निवडत बसलो होतो. एकत्र केलेलं ते आमचं शेवटचं काम. बायको एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात बाजारातल्या कारकुनांसाठी मराठी माहितीपुस्तक टाइप करायची. ते परवा छापायला जाणार होतं आणि ती एका वाक्यावर अडली होती. एकाने नोंद उघडून धरली तर दुसऱ्याने किती वेळ थांबायचं, तो आकडा मशिनीत टाकायचा असतो. "शून्य टाकलं तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "थांबायचंच नाय." "सगळे हेच समजतात, मग मशिनीचा पडदा अडकला की फोन करून बोंबलतात. शून्य म्हंजे हद्दच नाय. पहिल्यानं नोंद सोडेपर्यंत थांबायचं." "मग तसंच लिही ना गं!" ती हसली. "तुमाला कळलं म्हंजे आता कुणालापण कळेल. उद्या घालते." पहाटे तिच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यायच्या आत ती गेली. दुपारी तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घातली तर धाकटा भाऊ आडवा आला, "दादा, सुतक हाय, कुठं चाललास?" "सुतक मला हाय, तिच्या वाक्याला नाय." ऑफिसात साहेब उठून उभे राहिले, बसा म्हणाले. मी बसलो नाही. आधी वाक्य लिहा म्हटलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावलं: शून्य टाकल्यास पहिल्याने नोंद सोडेपर्यंत थांबावे लागेल, कितीही वेळ लागला तरी.