सर्वो म्हणजे सर्वे नव्हे!

माझं लग्न एका विमान अपघातामुळे जमलं. (जीवितहानी झाली नाही. गेली ती फक्त माझी अब्रू!)

त्या साली दुष्काळ असा होता की, पाहुण्याला आधी चहा द्यायचे आणि मग भीत भीत विचारायचे, "पाणी लागंलच का?" दुसरा विषय नव्या जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा होणार! कधी होणार, कोणती गावं घेणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; त्यामुळे जो तो अगदी खात्रीनं सांगायचा.

मी उदगीरचा. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान. घराण्यातला पहिला पदवीधर मी. अप्पांनी आयुष्यभर शेंगदाणे तोलून मला नांदेडला इंजिनिअर केलं, हे मी कधी विसरणार नाही. आणि नोकरी लागल्यावर मी पहिलं काय केलं? रिमोटवर उडणारं थर्माकोलचं विमान!

या विमानाच्या शेपटीला एक पट्टी असते. ती वर झाली की विमान वर, खाली झाली की खाली. ती हलवते एक चिमुकली मोटर. तिचं नाव सर्वो. सर्वोवर प्लास्टिकची दांडी बसवायची असते, पण त्याआधी सर्वो बरोबर मध्यावर आणावा लागतो. त्यासाठी मिळतो सर्वो टेस्टर. काडेपेटीएवढी डबी, फिरवायचं एक गोल बटण, दिवा बदलायचं दुसरं आणि तीन दिवे. पहिल्या दिव्यावर बटण फिरवाल तसा सर्वो फिरतो. मधल्या दिव्यावर तो मध्यावर थांबतो. तिसऱ्यावर आपोआप इकडून तिकडे डोलत राहतो. हे तीन दिवे लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत!

टेस्टर कुरिअरनं हातात पडला आणि त्याच दिवशी अप्पा मला गावी न्यायला नांदेडच्या खोलीवर हजर.

"देगलूरला एक स्थळ हाय. जाता जाता बघून जाऊ."

जाता जाता! जणू स्थळ म्हणजे वाटेवरचा पेट्रोल पंप! मी काखेत विमान, पिशवीत रिमोट आणि खिशात टेस्टर घेऊन मुलगी बघायला निघालो. शेपटीची दांडी तेवढी पक्की बसवायची राहिली होती.

मुलीचे वडील नागनाथकाका देगलूरजवळचे शेतकरी. "शरणार्थ, शरणार्थ" म्हणत नमस्कार झाले, आम्ही बसलो. सुवर्णा पोहे घेऊन आली. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. तिनं एकदा माझ्याकडे आणि दोनदा विमानाकडे बघितलं. माझा पहिलाच घास घशात अडकला, पण दुसऱ्यांदा पाणी मागायची हिंमत होईना. (त्या साली तेवढ्यावर स्थळं मोडत होती!) हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून मी खिशातली डबी काढून कुरवाळायला लागलो.

"हे काय वं?" काकांनी विचारलं.

"सर्वो टेस्टर."

"सर्वे?" काका सावरून बसले. "नव्या जिल्ह्याचा का? आमचं देगलूर कुणीकडं टाकून राहिले? उदगिरात टाका. म्हंजे पोरगी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात राहील!"

"तसं नाही काका, हे—"

"मंग पाण्याचा सर्वे?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांना टेस्टर म्हणजे काय ठाऊक नव्हतं, पण मुलगा मोठा आहे एवढं पक्कं ठाऊक होतं.

"हाव! पाण्याचाच!" अप्पा म्हणाले. "लई मोठं शिक्षण हाय त्याचं."

संपलं! काका मला विमानासकट हाताला धरूनच रानात घेऊन गेले. मागं अप्पा, त्यांच्या मागं सुवर्णा, तिच्या मागं अर्धी गल्ली. बोअर घेऊन घेऊन रानाची चाळणी झालेली. काकांनी डबी माझ्याकडून काढून घेतली. मी म्हणालो, "ती बॅटरीशिवाय चालत नाही." (हे कशाला बोललो देव जाणे!) लगेच विमानातली बॅटरी आणि सर्वो काढून डबीला जोडले गेले. काकांनी बटणं दाबली, तिसरा दिवा लागला आणि सर्वोची दांडी डोलायला लागली. टर्रर्र इकडं, टर्रर्र तिकडं!

"जित्तं हाय की मशीन!" गल्ली ओरडली.

काका डबी पुढं धरून चालायला लागले. एका बाभळीखाली वायर सैल झाली असावी. दांडी एकदम जागच्या जागी थरथरली.

"हितंच! आरं, नारळ आणा! बोअरवाल्याला फोन लावा!"

गप्प बसावं तर माझ्या शब्दावर या माणसाच्या रानात आणखी एक भोक. खरं बोलावं तर अप्पांची मान खाली आणि स्थळ गेलं. आणि एव्हाना हे स्थळ जाऊ नये असं मला फार वाटायला लागलं होतं!

"काका," मी डोळे मिटून म्हणालो, "हे पाण्याचं मशीन न्हाई."

"मंग जिल्ह्याचं?"

"न्हाई."

"मंग हाय तरी कशाचं?"

"विमानाचं."

अप्पा बाभळीची पानं मोजायला लागले. तोवर आलेला नारळ काकांच्या हातात तसाच.

"मग उडवून दाखवा की!" सुवर्णा म्हणाली.

माझ्या अंगात वीज शिरली! घाईघाईनं सर्वो विमानात बसवला. दांडी काढली, आता पक्की लावायची. टेस्टर मधल्या दिव्यावर घ्यायला हवा होता. पण तो काकांनी लावलेल्या तिसऱ्या दिव्यावरच होता, आणि माझं लक्ष बाभळीखाली उभ्या असलेल्या दिव्यावर! सर्वो डोलत होता. मला तो क्षणभर मध्यावर वाटला. मी दांडी ठोकली, स्क्रू आवळला, टेस्टर काढला, बॅटरी विमानात जोडली, रिमोट घेतला आणि विमान फेकलं.

विमान वर गेलं. टाळ्या! आणखी वर गेलं. शिट्ट्या! मी "खाली, खाली" करत रिमोट पिळतोय आणि ते वरच निघालंय. मग ते उलटं झालं, हवेत कोलांटी घेतली, आमच्या डोक्यांवरून सूं करत मागं गेलं आणि नाक खाली करून थेट विहिरीत!

विहीर तशी कोरडीच होती. पण सकाळीच टँकर तिच्यात रिकामा झाला होता.

डुब्बुक!

काका हळूहळू म्हणाले, "आगा गा गा... एवढ्या शिवारात तेवढंच पाणी हाय. आन् बरोबर त्याच्यावरच गेलं की वं!"

अप्पांची मान ताठ झाली. "मंग मी काय सांगून राहिलो मघापासून?"

हातातला नारळ काकांनी विहिरीच्या कडेवरच फोडला आणि स्थळ पक्कं झालं. विमान बादलीनं वर आलं, तेव्हा सुवर्णा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मधला दिवा लावायचा होता, न्हाई का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डबीवरच लिहिलंय."

उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. काकांनी बाभळीखाली हट्टानं बोअर घेतलाच, त्यातून नुसता धुरळा निघाला. टेस्टर आता सुवर्णाच्या ताब्यात असतो. दांड्या तीच बसवते आणि आमची विमानं नाकासमोर सरळ उडतात.

परवा सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, नवा बोअर घ्यायचाय. ती डबी ऱ्हाऊ द्या घरीच, विमान तेवढं घेऊन या. आन् दांडी तुम्हीच बसवा! सुवर्णानं बसवली की ते पाणी दाखवत न्हाई!"