बाळासोचा हाका

पन्हाळ्याच्या वाटेवर एका टेकाडावर संस्थानकाळचा शिकारबंगला आहे. त्याच्या भोवतीच्या तीस एकर रानात बाळासो माळीकाम करतो. बंगल्याच्या मालकीणबाई संयोगिता वहिनीसाहेब यांनी पाहुण्यांसाठी दर रविवारी रानफेरी सुरू केली आणि वाटाड्या म्हणून त्यालाच नेमलं. रानाची माहिती त्याच्याइतकी कुणालाच नाही. फक्त त्याला हळू बोलता येत नाही. बायकोच्या कानात सांगितलेलं शेजारच्या वस्तीला कळतं.

पहिल्या दोन रविवारी "पावणं, आवाज करू नगासा!" असा तो ओरडला आणि असेल नसेल ते जनावर पसार झालं. पाहुणे वारुळं बघून परत आले. वहिनीसाहेबांनी सुनावलं, "बाळासो, या रविवारी काही दिसलं नाही तर फेरी बंद. तुम्ही गेटवर बसायचं, गाड्या लावून घ्यायच्या." तीस वर्षं रानात काढलेला माणूस गेटवर बसवायचा, याचा मला संताप आला. पण मी पडलो शेजारच्या वस्तीतला निवृत्त मास्तर, मला कोण विचारतंय!

तिसऱ्या रविवारी पुण्याहून आठ पक्षीनिरीक्षक आले. गळ्यात दुर्बिणी, बोलणं फक्त खुणांनी. मीही त्यांच्यात घुसलो. बाळासोनं आम्हाला तळ्याकाठी ओळीनं उभं केलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नुसता घड्याळ बघत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बरोबर आठ वाजता पलीकडच्या झाडीत पत्र्याचे डबे वाजायला लागले. "हुर्रे! हो हो हो!" पंचवीस-तीस गळे एकदम. बाळासोची अख्खी भावकी! त्याचा आजा शिकारीच्या दिवसांत हाकेवाला होता. हाका घालायचा, म्हणजे आरडाओरडा करून रान उठवायचं आणि सावज सरकारांच्या बंदुकीसमोर आणायचं, हे त्याचं काम. नातवानं तेच केलं, फक्त बंदुकीच्या जागी दुर्बिणी ठेवल्या.

आधी ससे आले. मग मुंगसं. मग आमच्या टोप्यांवरून दहा-बारा मोर. शेवटी रानडुकरीण आली, मागं सहा पिल्लं. त्यानंतर दुर्बीण कुणीच लावली नाही. पाहुणे आठही तळ्याकाठच्या आंब्याच्या झाडावर होते, मला धरून नऊ.

खालून बाळासो म्हणाला, "दिसतंय न्हवं सगळ्यास्नी?"

डुकरीण गेल्यावर शिडी आणून आम्हाला उतरवलं. पाहुण्यांच्या म्होरक्या अनुजाताई आधी तावातावानं भांडल्या. मग वही उघडून लिहायला बसल्या, आणि लिहिता लिहिता त्यांचा राग उतरला. "दहा मिनिटांत एवढं अभयारण्यातही दिसत नाही हो! पुढच्या रविवारी आम्ही वीस जण येतो."

वहिनीसाहेब खूश. "बाळासो, फेरी चालू! वाटाडे तुम्हीच."

बाळासोचा चेहरा मात्र पडला. रिकाम्या रानाकडं बघत तो म्हणाला, "वैनीसायेब, पुढच्या ऐतवारी काय दावू? हुतं न्हवतं ते समदं पन्हाळ्याकडं पळालं की. ते गेटचं काम अजून हाय का?"