चुकलेल्या मापाचे फ्रॉक

कस्तुराबाईंच्या हातून शिवणात चूक झालेली आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती, एक डिसेंबर महिना सोडला तर.

माझं आयुष्य हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेलं. चुका काढायच्या हा माझा धंदाच. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लग्नपत्रिका आली तरी आधी तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ बघते. पण कस्तुराबाईंनी शिवलेल्या ब्लाउजला बोट लावायला मला कधी जागा सापडली नाही. समोरच्याच घरात, दाराशी मशीन मांडून त्या बसायच्या. अंगावर टेप लावायच्या तो आपला गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. डोळ्यांनी माप आधीच घेतलेलं असायचं.

अशा बाईचं माप दर नाताळाला हटकून चुकायचं. आणि चुकायचं तेही असं, की चुकलेला फ्रॉक नेमका एखाद्या गरीब घरच्या पोरीला बेतून शिवल्यासारखा बसावा. हातगाडी ओढणारा शिवू त्यांच्याच चर्चचा. त्याची लेक सृष्टी पाळण्यात होती तेव्हापासून कस्तुराबाईंचा एक फ्रॉक तिच्या अंगाचा चुकत आला. फ्रॉक पदराखाली घेऊन त्या शिवूच्या दाराशी जायच्या आणि करवादून म्हणायच्या, "माजं बी डोळं गेलं आता. एका गिऱ्हाइकाचं माप चुकलं बग. फुकट जायचं, तुज्या पोरीला हुतंय का बग." शिवूची बायको महानंदा कपाळाला हात लावून म्हणायची, "आत्या, जरा बघून शिवत जावा की." झालं. देणारीला दिल्याचं ओझं नाही, घेणारीला घेतल्याची लाज नाही. अशा पाच-सात पोरी दरवर्षी असायच्या.

मी एकदा त्यांना छेडलं होतं. "कस्तुराबाई, तुमची चूक बरी दरवर्षी मार्गशीर्षातच होते?"

"वय झालं की बाई," त्या म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

मूळच्या त्या केम गावच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या. नवरा, शहाजी, कापडगिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ तोही गेला. मूलबाळ नव्हतं. मिशनच्या शिवणवर्गात शिकलेलं काम आणि रविवारची उपासना, एवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. पुढे रेडिमेडने सगळ्याच शिंप्यांचं कंबरडं मोडलं. वर्षभर कस्तुराबाईंकडे यायचं ते फॉल लावायचं नाहीतर बाही उसवायचं काम. पण त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, बायकांनी एक रीत पाळली होती. नाताळचे कपडे कस्तुराबाईंकडेच शिवायचे. दसरा झाला की कापडांच्या पिशव्या यायला लागायच्या आणि त्या तीन महिन्यांवर त्यांचं वर्ष निघायचं. शिवून उरलेलं कापड शिवणारीचं, हा जुना रिवाज. चुकलेल्या मापाचे फ्रॉक त्याच तुकड्यांतून उभे राहायचे. जोड कुठे आहे ते मलासुद्धा शोधावं लागायचं.

आणि एक ताट होतं. माझ्या लग्नात आलेलं, काठावर नाव कोरलेलं स्टीलचं ताट. दिवाळीला मी त्यात फराळ घालून समोर पाठवायची. भरल्या ताटाची फेड रिकाम्या ताटाने करायची नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून ते ताट दिवाळीपासून नाताळापर्यंत कस्तुराबाईंच्या फळीवर राहायचं आणि पंचवीस तारखेला करंज्या, कडबोळी आणि बेकरीच्या भट्टीतून भाजून आणलेली नानकटाई भरून परत यायचं. इतकी वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींना कधी दुसरं काही दिलं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी त्या उपासनेवरून आल्या त्या थेट माझ्या पायरीवर बसल्या. चेहरा फुललेला. म्हणाल्या, "सलाम बाई. यंदा आमी साधा नाताळ करनार."

त्यांच्या चर्चला नवे पाळक आले होते. अनीश त्यांचं नाव. पोरसवदा, काटकुळे, जुन्या स्कूटरवरून हिंडणारे. ते मोहोळच्या पलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जाऊन आले होते. पाचटाच्या खोपटात, खताच्या पोत्यात पाय खुपसून झोपलेली लेकरं त्यांनी पाहिली होती. उपासनेत ते सांगताना त्यांना रडू आलं म्हणे. शहरातल्या आणखी दोन चर्चशी बोलून त्यांनी ठरवलं होतं: यंदा रोषणाई नाही, जेवणावळ नाही, कुणी नवे कपडे घ्यायचे नाहीत. जे वाचेल ते त्या लेकरांच्या अंगावर घालायचं. ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहावं.

"आन् पयली मी उबी ऱ्हायले," कस्तुराबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "आणि तुम्ही काय खाणार? पाळकांना सांगायचं होतं, की नवे कपडे म्हणजे तुमची भाकरी आहे."

"काय सांगू बाई? लेकरं गारठून मरू द्या, पन मला शिवाय द्या, असं सांगू?"

चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचा राग कुणावर काढायचा, हे मला कुठल्याच शाळेत कुणी शिकवलं नाही.

ज्यांनी कापड आधीच टाकलं होतं त्या एकेक करून परत न्यायला आल्या. त्यातली ऋतुजा बँकेत नोकरीला, पोरगी मोठी गुणी. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, अजून कापलं नाही ना? हे दुकानात परत करून ते पैसे त्यांनाच देईन म्हणते." कस्तुराबाईंनी कापडावर खडूने खुणा केल्या होत्या. त्यांनी ते झटकलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिलं. ऋतुजाने त्यांचा हात हातात घेतला. ही मावशींची भाकरी आहे, हे तिच्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. त्या अख्ख्या मंडळीत ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण कस्तुराबाई त्यांच्या लेखी गरीब नव्हत्याच. त्या देणाऱ्यांतल्या होत्या.

दिवाळीला मी ताट पाठवलं. त्यांनी ते नेहमीसारखं कपाळाला लावून घेतलं.

पुढे कळलं की लेकरांसाठी स्वेटर ठोक व्यापाऱ्याकडून गठ्ठ्याने घेतले. कस्तुराबाई मशीनपाशी नुसत्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर रातचा दिवस केला असता. फुकट शिवलं असतं." मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, जा आणि बोला. तर म्हणाल्या, "मागून घेतलेलं काम म्हंजी भीकच की बाई." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग त्या गणवेशाच्या एका कारखान्यात दोरे कापायला जाऊ लागल्या. शाळेच्या शर्टांना लोंबणारे दोरे कात्रीने उडवायचे, एवढंच काम. पण ते भराभर करावं लागतं आणि त्यांना काम नीट करायची सवय. दोन-तीन आठवड्यांनी मालकाने येऊ नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मशीनवर जुनं लुगडं टाकलं आणि दाराशी बसायच्या ऐवजी आत बसायला लागल्या.

डिसेंबर आला. कुणाचंच माप चुकलं नाही.

नाताळाच्या उपासनेला दरवर्षी त्या मला घेऊन जातात. मी काही देवभोळी नाही, पण गाणी ऐकायला आवडतात. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. चर्चमध्ये एकही माळ नव्हती. माणसं धुतलेल्या जुन्या कपड्यांत आली होती आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार सुंदर वाटलं. पाळकसाहेबांनी सांगितलं, कोप्यांवरच्या प्रत्येक लेकराला स्वेटर मिळाला, तिथल्या एका आईने सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. बायका डोळे पुसत होत्या. कस्तुराबाईही पुसत होत्या.

मग ते म्हणाले, "आपल्या मंडळीतल्या काही विधवा माताही अडचणीत आहेत. त्यांचीही आठवण आपण ठेवली आहे." आणि पहिलंच नाव घेतलं, कस्तुराबाईंचं.

त्या चटकन उठल्या. पदर सारखा केला, माझ्या मांडीवर हात टेकून बाकाबाहेर पडल्या आणि लगबगीने पुढे गेल्या. दरवर्षी संडेस्कूलच्या पोरांना खाऊ त्यांच्याच हातून वाटला जातो. त्यांना वाटलं, वाटायलाच बोलावलंय. तिथे मांडलेल्या पिशव्यांतली एक त्यांनी उचललीसुद्धा आणि कुणाला द्यायची म्हणून पाळकसाहेबांकडे बघितलं. ते हसून म्हणाले, "तुम्हालाच आहे, आजी." आणि त्यांच्या खांद्यावर एक चादर घातली.

सोलापूरची चादर, लाल-काळ्या वेलबुट्टीची. टाळ्या वाजल्या. कुणीतरी मोबाईल पुढे करून म्हणालं, "आजी, इकडे बघा." त्यांनी बघितलं. पुढच्याच ओळीत शिवू आणि महानंदा बसले होते. त्यांच्या मध्ये सृष्टी होती, गेल्या वर्षीचाच फ्रॉक घालून, गुडघ्याच्या वर गेलेला. महानंदाने मान खाली घातली होती. सबंध चर्चमध्ये टाळी न वाजवलेली तेवढीच असावी.

उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. वर्गात आवाज चढायचा तसा माझा चढला. सगळं सांगितलं: फ्रॉक, कापडाच्या पिशव्या, कारखाना. त्यांचा चेहरा उतरला. काढलेली स्कूटरची किल्ली त्यांनी परत खिशात टाकली. मग म्हणाले, "बाई, सगळ्यांत आधी त्याच उभ्या राहिल्या होत्या. आणि ती लेकरं यंदा उबेत झोपली, हे खरं आहे ना?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"मग मी काय करायला हवं होतं?"

विचारायला हवं होतं, एवढंच मी म्हटलं आणि निघाले. तेही मी मघाशी विचार करून ठेवलेलं वाक्य होतं. कस्तुराबाईंना विचारलं असतं तरी त्यांनी खरं सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही.

त्या दिवशी ताट आलं नाही. संध्याकाळी त्या दारातूनच म्हणाल्या, "यंदा साधा नाताळ हाय आमचा." मी म्हटलं, "असू दे हो, मला तरी कुठे गोड चालतंय." त्यांच्या दारावर नाताळची कागदी चांदणीही लागली नव्हती. पार जानेवारी उजाडला तरी त्यांच्या अंगावर जुनीच विटकी शाल. चादर कोपऱ्यात पिशवीसकट पडलेली, घडी न मोडता.

मला ते बघवेना. बाजारात जाऊन मी एक चांगला लोकरीचा स्वेटर आणला. न्यायचा कसा, यावर दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग वाटलं, त्यांचीच युक्ती वापरावी. गेले आणि शक्य तितकं वैतागून म्हटलं, "बघा हो कस्तुराबाई, घाईत घेतला आणि मापच चुकलं. मला घट्ट होतोय. दुकानदार परत घेत नाही. तुम्हाला होतोय का बघा, नाहीतर फुकट जायचा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने हसल्या. इतक्या दिवसांनी त्यांना हसताना बघून मलाही हसू आलं.

"बाई, ही थाप माजी हाय की," त्या म्हणाल्या.

हसता हसता त्या थांबल्या. स्वेटर त्यांनी मांडीवर घेतला. बाहेर पलीकडच्या घरातले माग चालू होते.

"तुमी तोंड उगडलं आन् मला कळलं," त्या म्हणाल्या. "मग त्यान्ला बी कळतच असंल. एवढी वर्सं."

"असं काही नाही. तुम्ही इतक्या सहज द्यायच्या—"

"नाताळाच्या आदी सृष्टी आली हुती. हितं दारात उबी ऱ्हाऊन इचारती, आजी, यंदा माप चुकलं न्हाय का?" त्यांनी स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडून, दुकानात असते तशी. "सगळ्यान्ला ठाव हुतं बाई. मला वाटायचं, मी त्यांची लाज राकती. त्येच माजी राकत हुते."

मी तीस वर्षं पोरांना मोठमोठ्या गोष्टी समजावून सांगितल्या आहेत. देण्यामागचं मन, हेतू, असलं काहीतरी मी तेव्हाही बोलले असेन. त्यांनी ऐकलं नाही. त्या उठल्या, फळीवरून माझं ताट काढलं, पदराने आतून-बाहेरून पुसलं, त्यात तो स्वेटर ठेवला आणि माझ्या पुढे केलं.

"येत्या दिवाळीपासनं पाटवू नका," त्या म्हणाल्या. "भरून परत द्यायचं माज्याच्यानं व्हनार न्हाय."

"मी परत मागितलं का कधी?"

"म्हनूनच म्हनती, बाई."

ताट घेऊन मी रस्ता ओलांडला. घरी येऊन स्वेटर अंगात घालून पाहिला. तो मला खरंच घट्ट होत होता. घेताना मी त्यांच्या अंगाचाच घेतला होता.

यंदाची दिवाळी झाली. ताट मी पाठवलं नाही.