कॉम्प्युटर पुसायच्या आधी

कॉम्प्युटर बिघडला त्याला मीच कारण. भजनी मंडळातल्या एकाचा पेनड्राईव्ह लावला आणि त्यातनं व्हायरस आला. चालू व्हायला अर्धा तास, आणि चालू झाला की मनात येईल तेव्हा बंद. पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "आप्पा, आता सगळं पुसून विंडोज नवीन टाकायचं. सीडी टेबलाच्या खणात हाय. मी सांगते तसं करा."

"सगळं म्हंजे?"

"सगळं. ठेवायचं ते आधी काढून घ्या. पुसलं की परत येत न्हाई."

बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. कॉम्प्युटर तसा तिचाच. मी सातवी नापास, ती चौथी शिकलेली. पण माऊस धरायला तीच शिकली आणि रोज दुपारी पत्ते खेळायला लागली. बावन्न पत्ते उघडे मांडलेले, वर अडलेलं पान ठेवायला चार मोकळ्या जागा, आणि एक्क्यापासून राजापर्यंत चार गड्ड्या लावायच्या. मी म्हणायचो, "एकटीनं कसला गं डाव?" ती म्हणायची, "तुमच्यासंगं खेळलं की तुमी पानं लपवता."

फोटो काढून घेतले. आणखी काय राहिलंय म्हणून तो पत्त्यांचा खेळ उघडला, तर एक पाटी आली. मुलीला अक्षरं वाचून दाखवली.

"आईचा डाव अर्धा राहिलाय. पुढं खेळायचा का, असं इचारतंय. न्हाई म्हणा."

"तो काढून घेता येतो का?"

"डाव? आप्पा, त्यो काय फोटो हाय व्हय? सोडा. सीडी घाला."

मी फोन ठेवला आणि व्हय म्हणून दाबलं.

हा डाव मला ठाऊक होता. त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणून मी तिला दवाखान्यात न्यायला निघालो होतो. रिक्षा दारात उभी. ती म्हणाली, "आवं थांबा की. एवढा डाव हुंदे." मी ओरडलो, "डाव गेला चुलीत. ऊठ." ती उठली. दवाखान्यातनं ती परत आली नाही. मी चुकलो असं डॉक्टर म्हणणार नाही, कुणीच म्हणणार नाही. तरी ते ओरडणं माझ्या कानातनं जात नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात म्हसवड सोडलं आणि माधवनगरच्या मिलमध्ये लागलो, पुढं जॉबर, म्हंजे मागवाल्यांचा मुकादम झालो. मागावरचं सूत संपत आलं की आम्ही जुन्या ताण्याची, म्हंजे उभ्या सुताची, टोकं कापून टाकत नव्हतो. नव्या सुताचा एकेक धागा त्या टोकांना सांधायचा, मग नवा ताणा जुन्याच वाटेनं मागाच्या फणीतनं ओढला जायचा. हजारो गाठी. जो टोकं सोडील त्याला मी आईबहिणीवरनं शिव्या घातल्यात. आणि आता मीच सगळं पुसायला बसलो होतो.

कपाटातनं पत्त्यांचा जोड काढला. पंखा बंद केला, नाहीतर पानं उडाली असती. एप्रिलची दुपार, घाम डोळ्यात उतरत होता. पडद्यावर बघायचं, जोडातनं तेच पान हुडकायचं, खाटेवर तसंच मांडायचं. कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर हा डाव परत येईल का, म्हाईत नव्हतं. किलवरची नव्वी सापडेना, ती मांडीखाली निघाली. शेवटची ओळ मांडून पुन्हा पहिल्यापासून ताडून बघत होतो, तेवढ्यात पडदा काळा झाला.

फोन वाजला. "टाकलं का?"

"टाकतो की. घोड्यावर बसलीस का?"

"एवढा वेळ काय करताय?"

"पत्ते खेळतोय."

ती हळूच म्हणाली, "सीडी घाला, आप्पा."

घातली. कॉम्प्युटर परत चालू केला आणि ती सांगेल तसं दाबत गेलो. पुसायचं बटण आलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "दाबू ना, आप्पा?" जणू तीच दाबणार होती. मी दाबलं. तासाभरानं कॉम्प्युटर कोरा होऊन उभा राहिला. चांगला चालत होता.

तीन दिवस मी खाली सतरंजीवर झोपलो. खाटेकडं बघायचो, उठायचो, अंगणात जायचो, परत यायचो. शेजारीण चहा घेऊन आली तर तिला आत येऊ दिलं नाही.

चौथ्या दिवशी बसलो. पानं तिनं बरी लावली होती. चारातल्या तीन जागा मोकळ्या होत्या. मला काही फार करावं लागलं नाही, एक पान हललं की दुसरं आपोआप वाट देत होतं. डाव सुटला. चार गड्ड्या, वर चार राजे.

किती वेळ लागला ते मला म्हाईत नाही. खेळायला बसायच्या आधी भिंतीवरचं घड्याळ मी उतरवून पालथं ठेवलं होतं.